डेनिस कॉम्प्टन: इंग्लंडकडून फुटबॉल खेळूनही अधिकृत सामने शून्य

आपल्याकडे डेनिस कॉम्प्टन ओळखला जातो तो क्रिकेटपटू म्हणून. मार्च 1945 मध्ये ब्रेबॉर्नवर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबईने होळकर संघापुढे जिंकायला 867 धावांचं अशक्य लक्ष्य ठेवलं होतं आणि कॉम्प्टनने त्याचा पाठलाग करताना नाबाद 249 धावा काढल्या. होळकर 374 धावांनी हरले, पण ती खेळी मुंबईकर विसरले नाहीत. हा इंग्लिश खेळाडू सी. के. नायडूंच्या होळकर संघात आला कसा, याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. तो इंदूरजवळ महूच्या छावणीत ब्रिटिश सैन्याच्या नोकरीवर होता. त्याआधी लंडनमध्ये त्याचा दुसरा पेशा होता फुटबॉलचा, आणि युद्धाने त्याचं खरं नुकसान केलं ते तिथे.

जन्म 1918 चा, लंडनच्या उत्तरेकडच्या हेंडनचा. उन्हाळ्यात लॉर्ड्सवर क्रिकेट आणि हिवाळ्यात लंडनच्याच आर्सेनल क्लबकडे फुटबॉल, असा व्यावसायिक खेळाडू होणं तेव्हा शक्य होतं, कारण दोन्ही हंगाम एकमेकांच्या फारसे आड येत नसत. सप्टेंबर 1936 मध्ये डर्बी काउंटीविरुद्ध तो आर्सेनलकडून पहिल्यांदा उतरला आणि त्याच सामन्यात गोलही केला. जागा डाव्या विंगेची, म्हणजे आघाडीच्या फळीत डाव्या कडेची. त्या काळच्या आर्सेनलमध्ये ती सहज मिळणारी नव्हती, कारण तिथे क्लिफ बॅस्टिनसारखा खेळाडू गाजला होता. 1938 मध्ये आर्सेनलने इंग्लंडची अव्वल फुटबॉल लीग जिंकली, त्यात कॉम्प्टनच्या वाट्याला मोजकेच सामने आले. त्याच वर्षी चार्ल्टन क्लबच्या गोलरक्षकाशी टक्कर होऊन त्याचा गुडघा दुखावला. तेव्हा ते कुणी फार मनावर घेतलं नाही. वय वीस होतं आणि सगळं पुढेच होतं.

3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनने युद्ध पुकारलं. लीगचे जेमतेम तीन सामने झाले होते. हंगाम रद्द झाला, खेळाडूंचे करार थांबवले गेले. ज्यांना आठवड्याला जास्तीत जास्त 8 पौंड मिळत, त्यांना पुन्हा सामने सुरू झाल्यावर सुरुवातीला सामन्यामागे 30 शिलिंग, म्हणजे दीड पौंड, मिळू लागले. आर्सेनलचं हायबरी हे मैदान हवाई हल्ल्यांच्या बचावकार्यासाठी ताब्यात घेतलं गेलं, आणि क्लबला घरचे सामने चक्क कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅमच्या मैदानावर खेळावे लागले. खेळाडू सैन्यात गेल्यामुळे जो ज्या गावी तैनात असेल तो तिथल्या क्लबकडून पाहुणा म्हणून खेळे. कुणाच्या संघात उद्या कोण असेल याचा भरवसा नसे.

म्हणून या सामन्यांना ‘तात्पुरते’ म्हणून बाजूला सारलं जातं. माझ्या मते हा अन्याय आहे. कॉम्प्टन युद्धकाळात आर्सेनलकडून शंभराहून अधिक सामने खेळला. 1941 च्या युद्ध-चषकाच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर प्रेस्टनविरुद्ध मोठा भाऊ लेस्ली पेनल्टी खांबावर मारून बसला, तेव्हा बरोबरीचा गोल केला तो डेनिसने. (फेरलढत मात्र प्रेस्टनने जिंकली.) 1943 मध्ये दक्षिण विभागाच्या चषकात आर्सेनलने चार्ल्टनला 7-1 असं चिरडलं, त्यातही एक गोल त्याचा.

आणि इंग्लंड? ऑक्टोबर 1943 मध्ये मँचेस्टरला इंग्लंडने स्कॉटलंडचा 8-0 असा धुव्वा उडवला. त्या दिवसाची आघाडीची फळी पाहा: मॅथ्यूज, कार्टर, लॉटन, हेगन असे त्या काळचे नावाजलेले खेळाडू आणि डाव्या टोकाला कॉम्प्टन. त्या फळीत उभं राहणाऱ्याला दुय्यम खेळाडू कोण म्हणेल? असे एकूण बारा युद्धकालीन सामने तो इंग्लंडकडून खेळला. पण फुटबॉल असोसिएशनने युद्धातले आंतरराष्ट्रीय सामने अधिकृत धरले नाहीत. त्यामुळे नोंदवहीत त्याच्या नावापुढे शून्य.

1944 मध्ये सैन्याने त्याला हिंदुस्थानात पाठवलं. पुढे ब्रेबॉर्नवर काय झालं ते वर आलंच.

ऑगस्ट 1946 मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा एकविसाव्या वर्षी थांबलेला विंगर अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. क्रिकेटने त्याची गेलेली वर्षं काही अंशी भरून दिली. 1947 च्या उन्हाळ्यात त्याने 18 शतकांसह 3816 धावा केल्या, आणि एका हंगामातला तो विक्रम आजही मोडलेला नाही. फलंदाज तिशीच्या आसपास ऐन भरात असू शकतो. विंगरची सगळी मदार वेगावर असते, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तो वेग परत मिळत नाही. 1948 च्या लीग विजेत्या आर्सेनलमध्ये तो होता, पण चौदाच सामन्यांपुरता. अधिकृत लीग सामने अख्ख्या कारकिर्दीत 54 भरले.

तरी शेवट मैदानावरच झाला. मार्च 1950, इंग्लंडच्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या एफए चषकाची उपांत्य फेरी, समोर चेल्सी. आर्सेनल दोन गोलांनी मागे पडून एक फेडला होता. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत डेनिस कॉर्नर घ्यायला गेला. कर्णधार जो मर्सर लेस्लीला मागेच थांबायला सांगत होता. लेस्लीने ऐकलं नाही, पुढे धावत गेला आणि भावाच्या कॉर्नरवर हेडरने गोल केला. 2-2. फेरलढत आर्सेनलने जिंकली. 29 एप्रिलला वेम्बलीवर लिव्हरपूलला 2-0 असं हरवून डेनिसने चषक उचलला आणि फुटबॉलला रामराम ठोकला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लेस्लीला वेल्सविरुद्ध इंग्लंडची पहिली अधिकृत कॅप (म्हणजे राष्ट्रीय संघातून अधिकृत सामना) मिळाली, वयाच्या 38 व्या वर्षी. डेनिस तेव्हा क्रिकेट संघाचा उपकर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियात होता. त्या कसोटी मालिकेत, तोच गुडघा घेऊन, त्याला जेमतेम 53 धावा करता आल्या.