फिनलंडचा ‘धाकटा जंबो’: टीके-३ इंजिनांच्या जतनामागची पार्श्वभूमी

फिनलंडच्या टीके-३ वर्गातील वाफेची इंजिने आज त्या देशात इतक्या ठिकाणी उभी दिसतात, याचे श्रेय संग्रहालयांपेक्षा युद्धाच्या धास्तीला अधिक जाते.

१९२७ ते १९५३ या काळात, मध्ये मोठा खंड पडून, या वर्गाची १६१ इंजिने तयार झाली. त्या देशात वाफेच्या इंजिनांचा याहून मोठा वर्ग झाला नाही. बहुतेक इंजिने ताम्पेरे शहरातील ताम्पेला आणि लोकोमो या कारखान्यांतली. युद्धानंतर, हे कारखाने सोव्हिएत युनियनला द्यायच्या युद्धभरपाईच्या इंजिनांत गुंतलेले असताना, काही डेन्मार्कच्या फ्रिक्स कारखान्यातून आली. १९४२ मध्ये वर्गनामांची पद्धत बदलली आणि ‘टी’ म्हणजे मालवाहतूक व ‘के’ म्हणजे हलके असे ठरले. हलकेपणा हाच या इंजिनाचा खरा गुण होता. एका आसावरचा भार ११ टनांच्या आत राखल्यामुळे, अवजड इंजिनांना मज्जाव असलेल्या शाखामार्गांच्या कमकुवत रुळांवरही ते चालत असे. वेग मात्र ताशी ६० किलोमीटरपुरताच होता. आधीच्या, अधिक वजनदार ‘जंबो’ इंजिनांच्या तुलनेत याला ‘पिक्कु-युम्बो’, म्हणजे धाकटा जंबो, हे नाव पडले.

फिनलंडमध्ये दगडी कोळसा निघत नाही. तो जहाजाने आणावा लागे आणि युद्धकाळात ती वाट अडे. जंगल मात्र अमाप. त्यामुळे ही इंजिने बर्च झाडाच्या फोडलेल्या लाकडांवरही चालत. लाकडाच्या ठिणग्यांनी रानाला आग लागू नये म्हणून धुराड्याच्या आत ठिणग्या अडवण्याची सोय केलेली असे, आणि कोळशाच्या मानाने लाकूड फार जागा खात असल्याने टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या इंधन-पाण्याच्या डब्यावर, उंच कठडा उभारून ते रचत. भट्टी सांभाळणाऱ्या फायरमनला वाटभर एकेक फोड उचलून भट्टीत टाकावी लागे.

१९७० च्या दशकाच्या मध्यास वाफेची नियमित वाहतूक संपली, तरी इंजिने लगेच मोडीत निघाली नाहीत. तेलाची आयात थांबली किंवा विजेचे जाळे उद्ध्वस्त झाले, तर देशातल्या इंधनावर चालणारी यंत्रे हाताशी हवीत, या विचाराने बरीच इंजिने राखीव म्हणून जपून ठेवण्यात आली. १९९० च्या दशकात हा साठा मोडीत काढण्याचा निर्णय झाला आणि खरा वाद इथेच आहे. मोडीच्या बाजूचे म्हणणे निराधार नव्हते: पाणी भरण्याच्या सोयी नाहीशा होत होत्या, वाफेवर काम केलेले चालक निवृत्त होत होते, आणि माणसांवाचून नुसती यंत्रे संकटात कामास येणार नव्हती. परंतु लष्करी गरज संपली म्हणून वारशाचे मोलही संपले, असे होत नाही. कोणत्या इंजिनाचा बॉयलर सर्वांत सुस्थितीत आहे, कोणते चालते ठेवावे आणि कोणाचे सुटे भाग त्यासाठी राखावेत, हे विक्रीआधीच ठरवायला हवे होते. एकदा इंजिने वेगवेगळ्या मालकांकडे गेल्यावर अशी निवड एकत्रितपणे करणे जवळपास अशक्य होते.

काही इंजिने भंगारात गेली, काही हौशी मंडळांनी घेतली, तर काही स्थानकांबाहेर चौथऱ्यांवर चढली. काही फिनिश वाफेची इंजिने थेट ब्रिटनला पोहोचली. तिथे दोन रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर आणि फिनलंडमध्ये १५२४, त्यामुळे चाके व आस बदलल्याशिवाय तिथल्या मार्गावर ती धावू शकत नाहीत.

चौथऱ्यावरच्या इंजिनाला दरवर्षी नवा रंग लागतो असेही नाही, आणि लागला तरी बर्फ-पावसाचे पाणी आतल्या पत्र्यांत मुरतच राहते. चालत्या इंजिनाचा बॉयलर ठरावीक मुदतीने तपासून घ्यावा लागतो आणि जीर्ण भाग बदलावेच लागतात. ते नव्याने घडवावेत की उभ्या इंजिनातून काढावेत, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या दुरुस्तीच्या वेळी पुन्हा समोर येतो.