एमआरआयचा रिपोर्ट आणि पायातली कळ

कमरेच्या एमआरआयमध्ये आधी पाहायचं ते पाणी. टी-२ प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. दोन मणक्यांमधल्या निरोगी गादीचा मऊ गाभा पाण्यानं भरलेला असतो, म्हणून तो उजळ दिसतो. वय वाढतं तसं पाणी कमी होतं, गादी काळपट पडते, तिची उंची घटते. रिपोर्टात याला ‘डेसिकेशन’ म्हणतात.

गाभ्याभोवतीचं चिवट कडं चिरलं की गाभा मागच्या बाजूला, नसांच्या दिशेनं बाहेर येतो. हा उंचवटा बुडाशी रुंद असेल तर प्रोट्रूजन, बुडाशी अरुंद आणि पुढे फुगलेला असेल तर एक्स्ट्रूजन. तुकडाच सुटून पडला तर सिक्वेस्ट्रेशन. बहुतेक वेळा हे एल४-एल५ (कमरेचा चौथा आणि पाचवा मणका यांमधली) किंवा एल५-एस१ (पाचवा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांमधली) या गाद्यांत घडतं.

आता चित्र बाजूला ठेवून पायाकडे पाहायला हवं. एल४-एल५च्या गादीतून मध्याच्या किंचित बाजूला आलेला गाभा सहसा एल४ नस दाबत नाही, कारण ती वरूनच बाहेर पडलेली असते. दाबली जाते खाली उतरणारी एल५. मग कळ मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगानं पावलाच्या वरच्या भागापर्यंत जाते आणि पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते. एस१ दबली तर चवड्यावर चालणं जड जातं. रिपोर्टात डावी नस आणि दुखतोय उजवा पाय, असं असेल तर त्या दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

हे ताडून पाहणं फार गरजेचं आहे, कारण गादीतले बदल न दुखणाऱ्या कमरेतही सापडतात. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले. ५२ टक्के लोकांत निदान एका गादीला फुगवटा (‘बल्ज’) होता, २७ टक्क्यांत प्रोट्रूजन. एक्स्ट्रूजन मात्र फक्त १ टक्क्यात. म्हणून नुसता ‘बल्ज’ वाचून कुणी घाबरू नये, आणि रिपोर्टात त्या शब्दाशेजारी हे प्रमाणही छापलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात भीतीदायक दिसणारं चित्र तर पुष्कळदा आपणहून निवळतं. कड्याबाहेर पडलेला गाभा शरीराला परका वाटतो. तिथे नव्या रक्तवाहिन्या येतात, भक्षक पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. त्यामुळे सुटा पडलेला तुकडा साध्या फुगवट्यापेक्षा अधिक वेळा विरघळतो. सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या कळेच्या, बहुतेक रुग्णांना काही आठवड्यांत औषधं आणि बेतानं हालचाल यांवर उतार पडतो.

याला अपवाद आहेत. पायाची ताकद झपाट्यानं कमी होणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. नसांचा अख्खा जुडगा दबलेला असेल तर तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते, आणि उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.