आंबा बदनाम, काजू नामानिराळा

मे महिन्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आजोळाहून परतलेल्या भाच्याच्या ओठांभोवती लाल, खरखरीत पट्टा उमटला होता. त्यात बारीक पाणफोड, आणि खाज इतकी की पोर झोपेतही तोंड खाजवत होते. घरात निदान पाच मिनिटांत झाले: आंब्याची उष्णता बाधली! आजीने सब्जाचे पाणी पाजले, शेजारच्या काकींनी मीठ-मिरच्या ओवाळून दिष्ट काढली. मिरच्या जळताना सगळे खोकले; पट्टा होता तसाच राहिला.

उष्णता आतून बाहेर पडत असेल, तर ती नेमकी ओठांभोवतीच का? पाठीवर का नाही? पुरळाचा आकार बघावा, तो बरेच काही सांगतो. घामोळे मानेवर, पाठीवर, घाम साचतो तिथे टाचणीच्या डोक्याएवढे येते. मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या तर ते जिवाणूंचे काम. ताप, तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर तो विषाणू. भाच्याचा पट्टा मात्र रायवळ आंबा चोखताना साल जिथे टेकते, तिथेच थांबला होता.

आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली भावंडे. बिब्बा अंगावर उततो हे आपल्याला ठाऊक असते, पण आंब्यावर कोणी तसा संशय घेत नाही. आंब्याच्या देठाकडच्या चिकात आणि सालीत, तसेच काजूच्या टरफलातल्या तेलात रिसॉर्सिनॉल गटाची रसायने असतात. बेंझिनचे कडे, त्याला दोन हायड्रॉक्सिल गट आणि मागे पंधरा-सतरा कार्बनची लांब शेपटी अशी त्यांची घडण. शेपटी तेलात विरघळणारी, म्हणून कातडीच्या वरच्या थरातून रेणू सहज आत शिरतो. तो इतका लहान असतो की एकट्याला पाहून प्रतिकारयंत्रणा जागची हलत नाही. पण आत जाऊन तो आपल्याच प्रथिनाला चिकटतो, आणि ते घरचे प्रथिन परके दिसू लागते.

मग लांगरहान्स पेशी पुढे येतात. पॉल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये, वैद्यकाचे विद्यार्थी असताना, त्या पहिल्यांदा पाहिल्या आणि त्यांना वाटले या मज्जासंस्थेच्या पेशी! प्रत्यक्षात त्या कातडीतल्या पहारेकरी. परके दिसणारे प्रथिन उचलून त्या लसीका ग्रंथीत नेतात आणि तिथे टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या लढवय्या पेशींना, त्याची ओळख पटवतात. या शिकवणीला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात आणि तोवर बाहेर काहीच दिसत नाही. पुढे तोच रेणू पुन्हा भेटला की शिकलेल्या टी-पेशी त्या जागी जमतात, तेही रमतगमत, एक ते तीन दिवसांनी. आंबा रविवारी खाल्लेला, पुरळ मंगळवारी. मधल्या सोमवारी खाल्लेल्या कोळंबीवर नाहक आळ.

खरी गंमत पुढेच आहे. टी-पेशींना रेणूंच्या सख्ख्या-चुलत भावंडांतला फरक नीटसा कळत नाही. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची याच कुळातली वेल आहे. इस्रायलमध्ये आंबे काढायला गेलेल्या अमेरिकी तरुणांना पुरळ उठले, सोबतच्या स्थानिकांना उठले नाही. धडा घरच्या वेलीने दिलेला, परीक्षा आंब्याने घेतली. आपल्याकडे ती वेल नाही, पण पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू डोंगरभर आहे. भाचा शिगम्याला गेला तेव्हा काजूच्या बोंडवांच्या बिया पिळून काढत होता. ‘तेव्हा काहीच झालं नाही, मामा,’ असे तो म्हणतो. होणारही नाही, शिकवणी चालू होती. पुरावा नाही, पण माझा संशय काजूवरच.

उपचार साधा. चीक लागताच साबण-पाण्याने धुणे, गार पाण्याची घडी, कॅलामाइन, नखे कापणे. फोडांतल्या पाण्याने हे पुरळ पसरत नाही. गरज पडल्यास डॉक्टर सौम्य स्टिरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात. मात्र दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मिळणारे थ्री-इन-वन मलम मुलाच्या चेहऱ्याला लावू नका. त्यात बरेचदा तीव्र स्टिरॉइड असते. त्याने लाली दोन दिवसांत ओसरते, म्हणून ते खपते. पुढे कातडी पातळ होते. डोळे सुजले, ताप आला किंवा पू दिसला तर थांबू नका. खाल्ल्यावर काही मिनिटांतच गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडखळला, तर ती वेगळीच, तातडीची ॲलर्जी. १०८ ला फोन करून थेट इस्पितळ.

आंबा बंद करायची गरज बहुधा नसते. गरात हे रसायन फार कमी. देठ कापून चीक गळू द्यायचा, आंबा धुवायचा, साल मोठ्या माणसाने काढायची आणि फोडी काट्याने द्यायच्या. भाच्याने गेल्या आठवड्यात असे दोन मानकुराद संपवले. तीन दिवस मी त्याच्या ओठांकडे पाहत होतो, आजी सब्ज्याच्या पेल्याकडे.