धाप लावणारा व्यायाम आणि उतारवयातली जनुकं

सत्तरीच्या माणसाने धाप लागेपर्यंत व्यायाम करावा का, हा प्रश्न बराच काळ केवळ हृदयाच्या काळजीने विचारला जायचा. 'झेपेल तेवढं चाला' यापुढे सल्ला जात नसे. आज तोच प्रश्न स्नायूच्या पेशीत शिरून विचारला जातो: सावकाश चालल्याने कोणती जनुकं कामाला लागतात, आणि जोर लावल्याने कोणती?

शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींमध्ये जनुकसंच तोच असतो. त्यातल्या कोणत्या जनुकाच्या आरएनए प्रती (ज्यांच्यावरून पेशी प्रथिनं घडवते त्या नकला) कधी आणि किती काढायच्या, हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे जनुक-नियमन. परिस्थिती बदलली की जनुकं चालू-बंद होतात, हे फ्रान्समध्ये झाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये जिवाणूंच्या अभ्यासातून मांडलं. त्याचा व्यायामाशी काही संबंध नव्हता. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या योनास बेर्गस्ट्रोम यांनी एका पोकळ सुईने माणसाच्या मांडीतून स्नायूचा कण काढण्याची पद्धत मांडली. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. शस्त्रक्रियेशिवाय, व्यायामाच्या आधी आणि नंतर त्याच माणसाचा स्नायू तपासणं या सुईमुळे सोपं झालं.

१९६७ मध्ये अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना कित्येक आठवडे ट्रेडमिलवर कसून पळवलं. त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची, विकरं (एन्झाइम) जवळपास दुप्पट झाली. व्यायामाने स्नायू नुसता दमत नाही, आतून नव्याने घडतो, हे यातून दिसलं. हे घडवून आणणारी कळ सापडायला मात्र ३१ वर्षं लागली. १९९८ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने पीजीसी-१ अल्फा हा नियामक शोधला. तोही स्नायूत नव्हे, थंडीत उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीत! व्यायामानंतर तो स्नायूतही वाढतो आणि नव्या तंतुकणिका घडवणारी जनुकं चालू करतो, हे लवकरच कळलं.

दरम्यान वृद्धांबाबतची भीती वेगळ्याच दिशेने कमी होत होती. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना ८ आठवडे वजनं उचलायला दिली. तीही हलकी नव्हेत. ज्याला एका दमात जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल, त्याच्या सुमारे ८० टक्के. ज्या नऊ जणांनी हा क्रम पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. जनुकांची मोजणी त्यात नव्हती, पण नव्वदीतला स्नायूही जोराला प्रतिसाद देतो हे सिद्ध झालं. त्याशिवाय पुढचे प्रयोग करायला कोणी धजावलंच नसतं.

तीव्रतेचा वेगळा परिणाम दाखवणारे नेटके प्रयोग मात्र तरुणांवर झाले. २०१० च्या एका प्रयोगात त्याच पुरुषांनी एकदा ४० टक्के आणि एकदा ८० टक्के क्षमतेने सायकल चालवली. दोन्ही वेळा खर्च झालेली ऊर्जा सारखीच, सुमारे ४०० किलोकॅलरी. तीन तासांनी पीजीसी-१ अल्फाचा आरएनए हलक्या व्यायामाने सुमारे चौपट झाला होता, जोराच्या व्यायामाने दहापट. म्हणजे किती उष्मांक जाळले एवढ्यावर हिशेब संपत नाही. ते किती वेगाने जाळले याचीही पेशी नोंद घेते. जोर वाढला की स्नायूत कॅल्शियमची उसळी मोठी येते, ऊर्जेची चणचण तीव्र होते, आणि हे दोन्ही संकेत केंद्रकापर्यंत पोचतात. २०१२ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने दाखवलं, की पीजीसी-१ अल्फासारख्या जनुकांच्या सुरुवातीच्या भागावर चिकटलेले मेथिल गट, म्हणजे जनुकाला गप्प ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, एका बैठकीच्या व्यायामानेही कमी होतात, आणि तेही तीव्रतेच्या प्रमाणात.

जनुकांच्या अभ्यासाचं लक्ष वृद्धांकडे वळलं होतं ते त्याआधीच, २००७ च्या आसपास. त्या वर्षी नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या उलरिक विस्लॉफ यांनी हृदय निकामी होऊ लागलेल्या, सरासरी ७५ वर्षांच्या रुग्णांना चार-चार मिनिटांच्या जोरदार फेऱ्या दिल्या. पीजीसी-१ अल्फा याच गटात वाढला. मध्यम व्यायामाच्या गटात नाही. ही 'जोरदार फेरी' म्हणजे धावणं नव्हतं, ट्रेडमिलवर चढाचं चालणं होतं. तीव्रता ज्याच्या-त्याच्या क्षमतेवरून मोजतात, आणि बातम्यांमधून नेमकं हेच निसटतं. त्याच वर्षी मेलोव्ह आणि टार्नोपोल्स्की यांच्या गटाने वयानुसार वेगळी वागणारी ५९६ जनुकं नोंदवली; सहा महिन्यांच्या वजनांच्या व्यायामानंतर वृद्धांमधली त्यांपैकी १७९ जनुकं तरुणांच्या दिशेने सरकली.

मग २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये श्रीकुमारन नायर यांच्या गटाने १८ ते ३० आणि ६५ ते ८० वयाच्या लोकांची तुलना केली. १२ आठवड्यांच्या जोरदार फेऱ्यांनी तंतुकणिकांची श्वसनक्षमता (प्राणवायू वापरून ऊर्जा बनवण्याची ताकद) तरुणांत ४९, तर वृद्धांत ६९ टक्क्यांनी वाढली. वृद्धांमध्ये जवळपास ४०० जनुकांची क्रियाशीलता बदलली. वजनं उचलणाऱ्यांत आणि मिश्र, सौम्य व्यायाम करणाऱ्यांत हा आकडा कितीतरी कमी होता. पण या अभ्यासातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग चर्चेत मागे पडला: प्रथिनांमधला बदल आरएनएमधल्या बदलापेक्षा मोठा होता. म्हणजे नियमनाचा बराचसा खेळ प्रत काढल्यानंतर, प्रथिन घडताना आणि टिकवताना चालतो.

म्हणून '४०० जनुकं बदलली, म्हणजे वय उलटं फिरलं' असं कोणी सांगू लागलं तर मी ते मान्य करणार नाही. ट्रॉन्डहाइममध्येच २०१२ पासून सत्तरी ओलांडलेल्या १,५६७ जणांवर पाच वर्षं चाचणी झाली. २०२० मध्ये आलेल्या निकालात, देखरेखीखाली व्यायाम करणारे दोन्ही गट (एक जोराचा, एक मध्यम व्यायाम करणारा) एकत्र धरले, तर त्यांच्यात आणि नुसत्या मार्गदर्शक सूचना मिळालेल्या गटात मृत्यूच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. अर्थात, सूचना मिळालेल्या गटातले लोकही स्वस्थ बसले नव्हते. त्यांच्यातल्या अनेकांनी आपणहून जोराचा व्यायाम चालू ठेवला होता.