सव्वा किलोची चकती

व्यायामशाळेत वीस किलोच्या मोठ्या प्लेट्सच्या आड, रॅकच्या अगदी खालच्या खुंटीवर एक छोटी चकती लटकलेली असते. तिच्यावर १.२५ असा आकडा असतो. नवी मुलं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. नवशिक्याच्या मात्र हीच सगळ्यात जास्त कामाची. बारच्या, म्हणजे वजनं लावायच्या लोखंडी दांड्याच्या, दोन्ही टोकांना एकेक लावली की वजन अडीच किलोंनी वाढतं. अशा छोट्या पायऱ्यांनी वजन वाढवायचं, मध्ये विश्रांती घ्यायची आणि नीट जेवायचं, एवढी साधी रीत बसायला माणसाला फार काळ लागला.

सुरुवात सांगतात ती ग्रीक मल्ल मायलोपासून. इसवी सन पूर्व सहाव्या शतकातला हा क्रोटोन शहरातला गडी रोज एक वासरू खांद्यावर घ्यायचा आणि वासराचा बैल झाला तरी उचलतच राहिला, अशी कथा आहे. वजन थोडंथोडं वाढवा, हे त्यात बरोबर आलंय. पण वासराची वाढ आपल्यासाठी थांबत नाही आणि कथेत सुट्टीचा दिवसही नाही. १९०२ साली अ‍ॅलन काल्व्हर्टने फिलाडेल्फियात वजन कमीजास्त करता येणारे बारबेल विकायला काढले, तेव्हा कंपनीला नाव दिलं मायलोचंच.

आपल्याकडची वाट वेगळी होती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं आणि तालमीतल्या मेहनतीला मान मिळाला. तिथे वाढायचा तो बहुतेक आकडा: जोर किती, बैठका किती, सपाट्या किती. त्याला जोड खुराकाची. दूध, तूप, घोटलेल्या बदामाची थंडाई. आणि आराम हा दिनक्रमाचाच भाग होता: पहाटेची मेहनत, दुपारची झोप, मग संध्याकाळी पुन्हा आखाडा. मला यातलं शहाणपण फार मोठं वाटतं, कारण मेहनत, खुराक आणि आराम ही तिन्ही एकाच वस्तादाच्या नजरेखाली असत. अडचण होते ती अर्धाच भाग उचलल्यावर. आठवड्यातून तीन दिवस, तासभर वजन उचलणाऱ्या मुलाने पैलवानाएवढं तूप खाल्लं, तर पोट सुटतं.

प्रोटीनच्या वेडाचं मूळ मात्र युरोपात आहे. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की स्नायू काम करतात ते स्वतःतलं प्रथिन जाळून. त्यामुळे कष्टकऱ्याला मांस हवंच, असा समज पसरला. १८६५ मध्ये फिक आणि व्हिस्लिसेनुस हे दोघे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडचा फाउलहॉर्न डोंगर चढले. चढाईआधीपासून त्यांनी प्रथिनं बंद करून फक्त पिष्ट, चरबी आणि साखर खाल्ली, लघवी जपून ठेवली आणि तीतला नायट्रोजन मोजला, कारण प्रथिन जळलं की तो लघवीत उतरतो. जळलेल्या प्रथिनातून एवढ्या चढाईचं बळ निघणं शक्यच नव्हतं. म्हणजे बळाचं इंधन पिष्ट आणि चरबीत आहे, प्रथिन लागतं ते मुख्यतः बांधकामाला. म्हणून भात-भाकरी सोडून नुसत्या प्रोटीन पावडरवर राहिलेला मुलगा बारखाली लवकर थकतो.

खरं वळण आलं दुसऱ्या महायुद्धात. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघे निकामी झालेल्या सैनिकांनी वॉर्ड भरले होते. हलका व्यायाम, पुष्कळ वेळा, हा तेव्हाचा शिरस्ता. थॉमस डेलॉर्म या तरुण डॉक्टरने लहानपणी संधिवाताच्या तापातून उठल्यावर वजनं उचलूनच अंगात ताकद आणली होती. त्याने सैनिकांना टेबलाच्या कडेला बसवलं, पायात लोखंडी बूट चढवला, त्याला चकत्या लावल्या आणि पाय सरळ करायला सांगितलं. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढंच वजन. ताकद वाढली की वजन वाढवायचं. १९४५ मध्ये त्याने हे छापलं, तेव्हा सेट, म्हणजे सलग दहा वेळा उचलण्याच्या फेऱ्या, होते सात ते दहा. १९४८ मध्ये सहकारी वॉटकिन्ससोबत लिहिताना त्याने ते तीनवर आणले: दहा वेळा झेपणाऱ्या वजनाच्या निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. आज कुठल्याही जिममध्ये ‘दहा-दहाचे तीन’ सांगतात, त्याची मुळं इथे आहेत. स्वतःचीच पद्धत कमी करणारा हा डॉक्टर मला फार आवडतो.

पहिल्या महिन्यात मुलाची ताकद भराभर वाढते आणि आरशात काहीच दिसत नाही, याचं उत्तर १९७९ मध्ये मोरितानी आणि डीव्ह्राइस या संशोधकांनी दिलं. सुरुवातीच्या आठवड्यांत ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेमुळे असते, असलेले स्नायू कामाला लावायला शरीर शिकतं. स्नायूंची जाडी मागाहून येते. नेमकं याच टप्प्यावर अनेक जण निराश होऊन सोडतात, याचं वाईट वाटतं.

विश्रांतीचा हिशेब फार उशिरा लागला. १९९५ पर्यंतच्या अभ्यासांत कॅनडातल्या मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी जड व्यायामानंतर स्नायूतली प्रथिनांची बांधणी मोजली. चार तासांनी ती ५० टक्क्यांनी वाढलेली होती, २४ तासांनी दुपटीहून जास्त आणि ३६ तासांनी जवळपास पूर्ववत. सोमवारी बैठका मारल्या, तर मंगळवारी बाहेरून काही दिसत नसलं तरी काम आत चाललेलं असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ही जुनी वहिवाट या आकड्यांशी छान जुळते.

खाण्याचं प्रमाणही आता बऱ्यापैकी ठरलंय. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनाच्या पुढे स्नायूंना फारसा वाढीव फायदा दिसला नाही. ६० किलोच्या मुलाला हे ९६ ग्रॅम होतात. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, पेलाभर दुधातही तेवढेच, म्हणजे घरच्या ताटात डाळ, उसळ, दही, अंडी, पनीर किंवा मासे नेमाने हवेत. ते जमत असेल तर पावडरचा डबा विकत घ्यायची निकड नाही.

उरते ती वही. तारीख, वजन, किती वेळा. गेल्या खेपेला ४० किलोचे सगळे सेट स्वच्छ झाले असतील, तर आज साडेबेचाळीस. सलग तीन खेपा त्याच वजनावर अडकलात तर आधी झोप आणि जेवण तपासायचं, मग दहाएक टक्के उतरवून पुन्हा चढायचं. उतरवलेलं वजनही वहीत त्याच शाईने लिहायचं.