रेगन यांनी कर फक्त कमीच केले?

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी कर कमीच केले, कधी वाढवले नाहीत, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. १३ ऑगस्ट १९८१ला कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवर, दाट धुक्यात, डेनिमचं जॅकेट घालून त्यांनी प्रचंड करकपातीवर सही केली. तेच चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

पण सरकारची तूट फुगू लागली, तशी सप्टेंबर १९८२मध्ये त्यांनीच करवाढीच्या कायद्यावरही सही केली. मग पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनमागे ४ सेंटवरून ९ सेंटवर गेला. १९८३मध्ये सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन योजना, सावरण्यासाठी पगारातून कापल्या जाणाऱ्या कराची ठरलेली वाढ अलीकडे ओढली आणि जास्त उत्पन्न असलेल्यांच्या पेन्शनवर पहिल्यांदाच आयकर लावला. १९८४ला आणखी एक करवाढ.

आयकराचा सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून २८वर आला, हे नाकारायचं कारणच नाही. मात्र पगारातली ती कपात पहिल्या डॉलरपासून होते, त्यामुळे तिची झळ सामान्य कामगारालाच जास्त लागली, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. एवढं करूनही आठ वर्षांत देशाचं कर्ज जवळपास तिप्पट झालं.