सिस्टम मॉनिटर की सिस्टम लॉग? लिनक्सवर कधी काय उघडायचं

नारायण पेठेत माझ्या एका मित्राचं डीटीपीचं दुकान आहे. चार जीबी रॅमचा जुना संगणक, त्यावर कुबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार. एकीकडे स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये लग्नपत्रिका, दुसरीकडे ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप, कारण गिऱ्हाईक मजकूर तिथेच पाठवतं. ऐन लग्नसराईत एका दुपारी स्क्रायबस खिडकीसकट गायब झाला. मी पोचलो तेव्हा मित्र सिस्टम मॉनिटर, म्हणजे रॅम-प्रोसेसर आत्ता किती वापरात आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम, उघडून बसला होता. म्हणाला, "हे बघ, रॅम अर्धी मोकळी आहे. म्हणजे रॅमचा काही संबंध नाही."

संबंध रॅमचाच होता. रॅम पार संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे सगळं यंत्र सांभाळणारा गाभा, एखादा जड प्रोग्रॅम निवडून बंद पाडतो, म्हणजे बाकीचं यंत्र तरी चालू राहतं. तो प्रोग्रॅम गेला की त्याची जागा मोकळी होते. मित्राला दिसत होती ती हीच मोकळी जागा! केसिस्टमलॉग हा लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, दाखवणारा प्रोग्रॅम उघडून कर्नलचा लॉग पाहिला, तर ओळ समोरच होती: 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', पुढे स्क्रायबसचं नाव आणि वेळ.

दोन्ही प्रोग्रॅम फुकट, दोन्ही खिडकीत चालणारे, मेन्यूतही बहुधा एकाच गटात. कुबुंटूचा डेस्कटॉप ज्यांचा, त्या केडीईमध्ये तर पूर्वी मॉनिटरचं नाव केसिसगार्ड होतं आणि लॉगवाल्याचं केसिस्टमलॉग. घोटाळा न झाला तरच नवल. 2021 पासून केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपने केसिसगार्डच्या जागी नवा सिस्टम मॉनिटर आणला, तेव्हा तेवढा एक गोंधळ मिटला.

सोसायटीच्या गेटवर आत्ता कोण उभं आहे ते बघायला खिडकीतून डोकावलं की झालं. काल रात्री दोन वाजता कोण आलं होतं, त्यासाठी वॉचमनची वहीच चाळावी लागते. सिस्टम मॉनिटर म्हणजे ती खिडकी. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या मॉनिटरमधला आलेख मुळात जेमतेम शेवटच्या मिनिटाचा असतो. पंखा आत्ता घोंघावतोय, माऊस आत्ता अडखळतोय, अशा वेळी तोच उघडावा, वर चढलेला प्रोग्रॅम शोधून बंद करावा. त्याचं काम तिथे संपतं.

वहीचं, म्हणजे लॉगचं, प्रकरण मोठं आहे. नोंदी ठेवायची ही पद्धत, सिसलॉग, 1980 च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल प्रोग्रॅमसाठी काढली. नोंदींच्या तीव्रतेच्या पायऱ्या आठ, 0 ते 7. आकडा जितका लहान तितकी भानगड मोठी. केसिस्टमलॉग डिस्कव्हर या केडीईच्या सॉफ्टवेअर-दुकानातून टाकता येतो. उघडल्यावर लाल ओळी बघून घाबरू नका. बायोसच्या (यंत्र सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) नावाने दोन-चार एरर धडधाकट यंत्रावरही दर सुरुवातीला येतात. वरपासून सगळं वाचत बसणं हा नवख्या माणसाचा हमखास उद्योग, मीही केलाय. त्यापेक्षा घोळ किती वाजता झाला ते आठवा, फिल्टरच्या चौकटीत प्रोग्रॅमचं नाव टाका आणि त्या वेळेच्या आधीचं मिनिटभर वाचा. हात बसवायचा असेल तर कर्नलचा लॉग उघडा ठेवून पेनड्राइव्ह लावा. नव्या ओळी डोळ्यांदेखत येतात.

कधी कधी न आलेली ओळही बोलते. संगणक नीट बंद केला, तर एकेक सेवा थांबल्याच्या नोंदी शेवटी असतात. गुरुवारी लाइट गेली आणि यूपीएसनेही मान टाकली, तर लॉग मध्येच तुटतो आणि त्यापुढे थेट नव्याने सुरू झाल्याच्या ओळी लागतात. हार्ड डिस्कचंही तसंच. मॉनिटर सांगतो किती जागा भरली. डिस्क मरायला टेकली असेल, तर 'आय-ओ एरर', म्हणजे डिस्कवर वाचता-लिहिता न आल्याची नोंद, कर्नलच्या लॉगमध्ये शोधावी लागते. ती वारंवार दिसू लागली, तर आधी गिऱ्हाइकांच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या.

लॉग रिकामा दिसला तर प्रोग्रॅमला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा. उबुंटू घराण्यात पहिलं खातं 'एडीएम' गटात असतं, म्हणून त्याला लॉग वाचता येतात. मागाहून कामगारासाठी उघडलेलं साधं खातं त्या गटात नसतं. आणि डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात आवृत्ती 12 पासून, म्हणजे 2023 पासून, जुनी सिसलॉग फाइल मुळात तयारच होत नाही. नोंदी जर्नल या नव्या साठ्यात जातात. तिथे केसिस्टमलॉगमध्ये 'जर्नलडी' निवडायचं, किंवा सरळ ग्नोमचा 'लॉग्ज' वापरायचा. तो जर्नलच वाचतो, आणि यंत्र मागच्या वेळी सुरू झालं तेव्हाच्या नोंदी वरच्या यादीतून निवडता येतात.